पाण्याचा रविवार

पंपात इन्शुलिनच्या जागी पाणी भरलं की रविवार सुरू व्हायचा.

कऱ्हाडात पोतदारांच्या सराफी दुकानाची माडी सुट्टीच्या दिवशी रिकामी असे. उल्का पोतदार दुकानातला काचेच्या पेटीतला काटा जपून वर आणायची आणि पंखा बंद करायची, कारण वाऱ्याने आकडा हलतो. इम्तियाज मुल्ला, ज्यांचं स्टँडसमोर औषधांचं दुकान होतं, ते पंख्याकडे एकदा आशेने बघायचे, कपाळ पुसायचे आणि पुस्तिका उघडून मोठ्याने वाचायला लागायचे. ते वाचतील तसं, तेवढंच आणि त्याच क्रमाने, उल्का पंपावर करायची. नळीतून पडलेलं पाणी काट्यावर तोलायचं. एक युनिट इन्शुलिन म्हणजे दहा मिलिग्रॅम पाणी. पुस्तिकेत लिहिलंय तेवढं पाणी काट्यावर आलं तर पान उलटायचं. नाही आलं तर भांडण.

भांडण हाच त्या सभेचा खरा कार्यक्रम होता. चूक पुस्तिकेची की पंप चालवणाऱ्या प्रोग्रामची, यावर चहा दोनदा व्हायचा. बहुतेक वेळा चूक पुस्तिकेची निघायची, म्हणजे हेमांगी देशमानेची, कारण मराठी पुस्तिका तीच लिहायची. मग ती निमूटपणे वही पुढे ओढून दुरुस्ती करायची. पण कधीतरी चूक प्रोग्रामची निघायची. तेव्हा हेमांगी प्रोग्राम लिहिणाऱ्या जगभरातल्या मंडळींना मोठ्या दिमाखात कळवायची की तुमच्या नव्या आवृत्तीत दोष आहे आणि तो कऱ्हाडात सापडलेला आहे.

प्रोग्रामचं मराठी नाव 'पाझर'. ज्यांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्यांच्यासाठी तो होता. दंडावर रुपयाएवढा सेन्सर, कमरेला पंप आणि या दोघांच्या मधे फोनमध्ये बसलेला पाझर. सेन्सर दर पाच मिनिटांनी रक्तातल्या साखरेचा आकडा पाठवतो, पाझर हिशेब करतो, पंप तेवढं इन्शुलिन कातडीखाली सोडतो. कमी पडलं तर साखर वाढून शरीराची हळूहळू नासाडी. जास्त झालं तर साखर उतरून माणूस बरळायला लागतो, मग पडतो, आणि कुणी जवळ नसेल तर उठत नाही. पाझर कुठल्या कंपनीने केलेला नव्हता. देशोदेशींच्या रुग्णांनी आणि त्यांच्या आईबापांनी तो मोकळ्या वेळात लिहिला होता आणि कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा म्हणून खुला सोडला होता. दुकानात मिळत नसल्यामुळे तो ज्याचा त्याने पुस्तिका वाचून जोडायचा. त्यामुळे पुस्तिका हीच डॉक्टर, दुकानदार आणि मेकॅनिक.

हेमांगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिची मुलगी इरा सहा वर्षांची असताना तिला हा आजार निघाला आणि त्याच वर्षी हेमांगीने पुस्तिकेचं पहिलं पान लिहिलं. समोर घाबरलेली आई बसली आहे असं धरून ती लिहायची, कारण तशी आई तिच्या घरातच होती. सेन्सर काही वेळ बंद पडून परत सुरू झाला तर काय होतं, त्याबद्दल तिने लिहिलं होतं:

"सेन्सर गप्प बसून परत बोलायला लागला, की त्याचे पहिले काही आकडे पाझर नुसते ऐकतो, मानत नाही. रुसून परत आलेल्या माणसाचं पहिलं बोलणं आपण कुठे मनावर घेतो? तेव्हा घाबरू नकोस. आणि शंका आली तर बोट टोच."

बोट टोचायचं म्हणजे सुईने रक्ताचा थेंब काढून साध्या मीटरवर साखर बघायची. प्रत्येक पानाच्या शेवटी हे वाक्य असे. इरा लहानपणी पाढ्यांसारखं ते म्हणायची आणि मोठी झाल्यावर त्याची नक्कल करून आईला चिडवायची.

पुस्तिका लिहिणं हे अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम पुस्तिका तयार करणाऱ्या यंत्रणेची मनधरणी करण्याचं. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या टिपा आणि हेमांगीसारख्यांची पानं एकत्र करून त्यांची वेबसाइट बनवणारं एक जुनं साधन होतं. ते ज्याने बनवलं तो गृहस्थ कधीच संगणक सोडून शेळीपालनाकडे वळला होता. दर आवृत्तीला त्या साधनात काहीतरी बिघडायचं. मराठीतले रफार उडायचे, जोडाक्षरं फुटायची, आकृत्या भलत्याच पानावर जाऊन बसायच्या. शिवाय प्रोग्राम महिन्याला बदलायचा आणि पानं वर्षभर मागे राहायची. पेपर तपासणं, स्वयंपाक आणि उडालेले रफार यांत हेमांगीची बारा वर्षं गेली होती. ती थकली होती, आणि थकलेय असं उघड म्हणायचीही.

म्हणून जगभरच्या मंडळींनी पुस्तिकेची यंत्रणा नव्याने उभारायची ठरवली, तेव्हा मराठीच्या बाजूने पहिला हात हेमांगीने वर केला.

नव्या साधनाचं नाव मराठीत 'निवेदक' ठेवलं गेलं. निवेदकाला कुणी पानं लिहून द्यायची नसत. तो थेट प्रोग्राम वाचायचा. नुसता वाचायचा नाही, तर स्वतःच्या पोटात तो हजारो वेळा चालवून बघायचा: सेन्सर बंद पडला तर, बॅटरी संपली तर, आकडा अचानक चढला तर. प्रत्येक वेळी प्रोग्राम काय करतो हे पाहून तो ते माणसाच्या भाषेत सांगायचा. प्रोग्रामची एक ओळ बदलली की त्या क्षणी जगातल्या सगळ्या भाषांतल्या पुस्तिका बदलायच्या. पान शोधायचीही गरज नव्हती. फोनवर विचारायचं, आणि तो तुमचा पंप, तुमचा सेन्सर, तुमची आत्ताची अवस्था बघून उत्तर द्यायचा. नेटवर्क नसलं तरी चालायचं. प्रोग्रामच्या सगळ्या चाचण्याही आता तोच तयार करायचा.

फक्त एक अडचण होती. निवेदकाचं मराठी सरकारी परिपत्रकासारखं यायचं. तेव्हा हेमांगीने त्याला आपली बारा वर्षांची पानं वाचायला दिली. दोन दिवसांनी तिने सहज विचारलं की पंपाची नळी चोंदली तर काय करू, आणि निवेदकाने उत्तर दिलं: "घाबरू नकोस. आधी नळी बघ, मग पंपाला दोष दे. नळी ही घरातल्या धाकट्या सुनेसारखी, सगळ्याचं खापर तिच्यावर फुटतं, आणि या वेळी मात्र चूक खरंच तिची असते." हे हेमांगीने कधी लिहिलेलं नव्हतं. पण लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं. ती हसत सुटली आणि शिरीषला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हाका मारून बोलावून तिने ते वाचून दाखवलं.

ही पानं खुल्या परवान्यावर असल्यामुळे तो आवाजही खुला झाला. निवेदक फक्त पाझरपुरता नव्हता. थोड्याच दिवसांत मुल्लांनी हसत बातमी आणली की ओगलेवाडीच्या पीठगिरणीत नवीन मशीन बसवलंय, त्याची मराठी पुस्तिका मालकाला सांगते, घाबरू नकोस, पट्टा आधी बघ. हेमांगीला तेव्हा अभिमान वाटला होता.

इराला नव्हता वाटला. ती तेव्हा रत्नागिरीला मत्स्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला जायच्या तयारीत होती. बॅग भरता भरता तिने निवेदकाला दोनचार प्रश्न विचारून पाहिले आणि फोन पलंगावर टाकला.

"तुझ्यासारखंच बोलतंय," ती म्हणाली. "पण हे रागवत नाही गं. तू निदान ओरडतेस, बोट टोचलंस का म्हणून."

हेमांगीने ते हसण्यावारी नेलं. खरं तर इराने नेमकी गोष्ट सांगितली होती. बोट टोचणं हे प्रोग्रामचं काम नव्हतं, माणसाचं होतं. प्रोग्राममध्ये नसलेली गोष्ट निवेदकाला दिसत नव्हती, आणि म्हणून नव्या पुस्तिकेत ते वाक्य कुठेच नव्हतं. कुणी ते काढलं नव्हतं, त्यामुळे ते गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माडीवरचे रविवार चालू राहिले, पण त्यांतली चव गेली. मुल्ला वाचायचे, उल्का करायची, काट्यावरचा आकडा जुळायचा. पुन्हा वाचायचे, पुन्हा जुळायचा. चहा एकदाच व्हायला लागला. येणारी माणसं कमी झाली. काटा कशाला उगाच वर आणायचा, असं उल्काचे सासरे म्हणू लागले, आणि एका रविवारी मुल्लांनी सरळ उठून पंखा लावला. आकडा जरासा हलला, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. निवेदक आल्यापासून एकदाही चूक सापडलेली नव्हती, आणि याचा अर्थ आता चुका होत नाहीत असाच सगळ्यांनी घेतला. हेमांगीनेही घेतला. तिच्या हाती बारा वर्षांत पहिल्यांदा मोकळे शनिवार आले होते. ती पोहायला जाऊ लागली होती.

त्याच सुमारास परदेशातल्या एका स्वयंसेवकाने पाझरचा एक भाग नीटनेटका करायला घेतला. दोन ठिकाणी जवळपास तेच काम करणारे तुकडे होते, ते त्याने एक केले. तसं करताना सेन्सर परत सुरू झाल्यावरचे पहिले, बरेचदा खोटे येणारे आकडे सोडून देण्याचा नियम गळून पडला. त्या माणसाचा हेतू चांगला होता आणि कामही स्वच्छ होतं. असं प्रत्येक प्रोग्रामच्या आयुष्यात होतं, म्हणून तर माडीवर काटा आणायची पद्धत पडली होती.

नवी आवृत्ती माडीवर आली. मुल्लांनी फोनवरून निवेदकाची पुस्तिका वाचली:

"सेन्सर गप्प बसून परत बोलायला लागला, की पाझर त्याच्या पहिल्याच आकड्यावर कामाला लागतो. रुसलेलं माणूस घरी परत आलं की आपण त्याचं लगेच ऐकतोच ना? मधे गेलेला वेळ भरून निघतो. घाबरू नकोस, असंच व्हायला हवं."

उल्काने सेन्सरच्या जागी लावलेली नकली डबी बंद केली, थोड्या वेळाने चालू केली आणि मुद्दाम चढा आकडा पाठवला. पंप लगेच घरघरला. काट्यावर पाणी पडलं. पुस्तिकेत होतं तेवढंच.

हेमांगी समोर बसली होती. ते वाक्य तिने ऐकलं. रुसलेलं माणूस तिचंच होतं, तिने ते ओळखलं, आणि मान डोलावली. पाझर काय करतो याचं कारण निवेदकाला ठाऊक नव्हतं. पण कारण देण्याची हेमांगीची सवय त्याने उचलली होती. प्रोग्राम जे काही करेल, त्याला तो तिच्या शब्दांत एक शहाणपणाचं कारण जोडून द्यायचा.

मुल्लांनी पान उलटलं.

इरा आठवडाभराने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून एका मच्छीमार नौकेवर गेली. वर्गातली चार मुलं होती, जाळ्यात येणाऱ्या माशांची लांबी-वजनं नोंदवायची होती. दुपारी जाळं ओढताना तिच्या दंडावर खारं पाणी उडालं आणि सेन्सर गप्प झाला. तिला त्याचं विशेष वाटलं नाही, असं पूर्वीही व्हायचं. अर्ध्या तासाने सेन्सर परत सुरू झाला आणि त्याने साखर तीनशेच्या वर असल्याचं कळवलं. कमरेचा पंप घरघरायला लागला आणि थांबेना.

तिने ओला हात पॅन्टला पुसला आणि फोनवर विचारलं, की सेन्सर आत्ताच परत आलाय, पंप इतकं का देतोय.

निवेदकाने सांगितलं की रुसलेलं माणूस घरी परत आलंय, मग त्याचं लगेच ऐकायचंच ना? मधे गेलेला वेळ भरून निघतोय. घाबरू नकोस, असंच व्हायला हवं.

ते वाचून तिला बरं वाटलं. मीटर खाली केबिनमध्ये बॅगेत होतं आणि जाळं वर आलेलं होतं. तिने बांगडे मोजायला सुरुवात केली.

मृदुला म्हणून तिची वर्गमैत्रीण होती, तिच्या लक्षात आलं की इरा एकच मासा पुन्हा पुन्हा मोजतेय आणि दर वेळी वेगळी लांबी सांगतेय. मग इरा तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, उगाचच हसली. मग तिला दरदरून घाम फुटला आणि ती जाळ्यावर बसली ती उठलीच नाही. मृदुलाने चहाच्या डब्यातली साखर बोटाने तिच्या गालाच्या आत चोळली, आणि पंपाची नळी कुठली ते माहीत नसल्यामुळे दिसेल ते सगळं उपटून काढलं. ते बरोबर होतं. तांडेलाने जाळं कापून समुद्रात सोडलं आणि नौका वळवली. त्या दिवसाची त्याची मासळी गेली. त्याबद्दल तो नंतर एक शब्दही बोलला नाही.

हेमांगी आणि शिरीष लगोलग कुंभार्ली घाटाने रत्नागिरीला निघाले. फोनवर डॉक्टर म्हणाले होते की मुलगी शुद्धीवर आहे, पण त्यांनी ते दोनदा सांगितल्यामुळे हेमांगीचा विश्वास बसत नव्हता. रत्नागिरीच्या दवाखान्यात इरा उशीला टेकून बसली होती. तिच्या हाताला सलाईन होतं आणि चेहऱ्यावर शाळा चुकवल्यासारखे भाव. हेमांगी तिच्या शेजारी बसली आणि तिच्या केसांतलं वाळलेलं मीठ काढत राहिली. तिला मोठ्याने रडायचं होतं, ते तिने परतीच्या वाटेवर ढकललं.

शिरीष डॉक्टरांना भेटायला गेल्यावर इराने फोन पुढे केला. दुपारचं उत्तर अजून पडद्यावर होतं.

"हे तू लिहिलंस का?"

हेमांगीने वाचलं. पुन्हा वाचलं. शब्द तिचे होते. रुसणं तिचं होतं, ते शेवटचं 'ना' तिचं होतं, घाबरू नकोस तर तिचंच होतं. आपण असं लिहिलं होतं की नव्हतं, हे तिला काही केल्या आठवेना.

"माहीत नाही गं," ती म्हणाली.

इराने फोन मागे घेतला. "मला वाटलं तूच सांगतेयस," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी खाली जाऊन बोट टोचलं असतं."

त्या वाक्याने तिला जेवढं लागलं तेवढं घाटातल्या सगळ्या भीतीनेही लागलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने जुनी पुस्तिका उघडली. रफार उडालेले होते, पण मजकूर स्वच्छ होता. पहिले आकडे ऐकतो, मानत नाही. शंका आली तर बोट टोच. तिने उल्का आणि मुल्लांना बोलावून घेतलं. उल्का पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली.

"पण जुळलं होतं की ओ मॅडम. माझ्या डोळ्यादेखत काट्यावर जुळलं होतं."

जुळणारच होतं, हे हेमांगीला तोवर कळलं होतं. इतकी वर्षं माडीवर दोन साक्षीदार यायचे. एक पंप, जो प्रोग्रामने सांगितलेलं करायचा. दुसरी पुस्तिका, जी पंपाने काय करायला हवं ते सांगायची, आणि ती माणसाने वेगळं बसून लिहिलेली असायची. दोघांचं पटलं नाही की कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायचं. पुस्तिका मागे पडायची, चुकायची, म्हणून सगळे तिला नावं ठेवायचे. पण ती चुकू शकत होती म्हणूनच तिच्या साक्षीला किंमत होती. निवेदकाची पुस्तिका प्रोग्राममधूनच निघायची. एकाच मुलाने पेपर लिहायचा आणि त्यानेच तपासायचा, असा तो प्रकार होता. पैकीच्या पैकी मिळणारच. तंत्रनिकेतनात वीस वर्षं पेपर तपासणाऱ्या बाईच्या हे लक्षात यायला मुलीला दवाखान्यात जावं लागलं.

तिने सगळीकडे कळवलं. या वेळी दिमाख नव्हता. परदेशातल्या त्या स्वयंसेवकाने फार मनापासून माफी मागितली आणि तासाभरात प्रोग्राम दुरुस्त केला. मंडळींना हायसं वाटलं. हेमांगीने फोन उचलून निवेदकाला तोच प्रश्न विचारला, सेन्सर परत सुरू झाला तर काय. तो म्हणाला:

"पहिले काही आकडे पाझर नुसते ऐकतो. रुसून आलेल्या माणसाचं बोलणं लगेच कुठे मानायचं? घाबरू नकोस, असंच व्हायला हवं."

त्याच शांतपणे आणि त्याच मायेने. काल आपण याच्या उलट बोललो होतो, याचा त्यात मागमूस नव्हता. खोटं बोलणाऱ्या माणसाची निदान जीभ तरी अडखळते. हेमांगीने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बराच वेळ त्याला हात लावला नाही.

तिने आपला आवाज परत मागितला. मंडळींनी सहानुभूतीने कळवलं की पाझरपुरता तो काढून टाकता येईल, पण बाकीचं हातात नाही. पानं खुली दिलेली होती. कुणीही घ्यावी, बदलावी, वाटावी, असं पहिल्या पानावर तिने स्वतःच अभिमानाने लिहिलं होतं, आणि लोकांनी तसंच केलं होतं. आवाजाच्या किती प्रती कुठे गेल्या याचा पत्ता नव्हता. पीठगिरणी घाबरू नकोस म्हणत राहिली. पाणीपुरवठ्याच्या मोटारी म्हणत राहिल्या. एकदा पोहण्याच्या तलावावरचं क्लोरीनचं यंत्र तिला तिच्याच शब्दांत धीर द्यायला लागलं, तेव्हा ती कोरडीच घरी परतली.

पण माडी तिच्या हातात होती. तिने निवेदकाला काढून टाकलं नाही, त्याचं काम बदललं. पुस्तिका पुन्हा माणसाने लिहायची, आणि लिहिणाऱ्याने प्रोग्राम उघडून बघायचा नाही. पंपाने काय करायला हवं एवढंच रुग्णांना आणि डॉक्टरांना विचारून लिहायचं. निवेदकाने प्रोग्राम वाचायचा, ही पुस्तिकाही वाचायची, आणि दोघांचं कुठे पटत नाही तेवढंच दाखवायचं. समजूत घालायची नाही, कारणं द्यायची नाहीत. हे ऐकून मुल्ला बऱ्याच दिवसांनी हसले.

"म्हणजे आता भांडणं लावायला मशीन ठेवलं म्हणा की."

तसंच होतं ते. इतर भाषांतल्या मंडळींनी आधी नाकं मुरडली, मग दोघातिघांनी तीच पद्धत उचलली.

पुस्तिका कोण लिहिणार, हा प्रश्न राहिला. हेमांगीने वही पुढे ओढली होती, पण सुट्टीला घरी आलेल्या इराने ती काढून घेतली. तिने लिहिलेली पानं रुक्ष होती. त्यांत रुसणं नव्हतं, सुना नव्हत्या, धीर नव्हता. "सेन्सर परत सुरू झाल्यावर पहिले तीन आकडे वापरले जाऊ नयेत. वापरले गेले तर पंप काढा. बोट टोचा." हेमांगीला ते फार कोरडं वाटलं आणि तिने तसं सांगितलं. घाबरलेल्या आईने हे वाचलं तर तिला काय वाटेल?

"घाबरू दे की तिला," इरा म्हणाली. "घाबरून बोट टोचेल."

पुढच्या रविवारी उल्काने काटा वर आणला आणि पंखा बंद केला. मुल्लांनी इराची पानं वाचली. चौथ्या पानावर पाणी जुळलं नाही. निवेदकानेही तिथेच खूण केली होती. तासभर वाद झाला, उल्काने काटा दोनदा पुसून पाहिला, चहा दुसऱ्यांदा आला, आणि शेवटी चूक इराचीच निघाली. तिने निमूटपणे दुरुस्ती केली. सगळ्यांचे चेहरे खुलले होते. अपवाद तिचा.

दुपारी दोघी घरी जेवायला बसल्या. शिरीष बाहेरगावी होता. आमटी-भात वाढून होतोय तोवर इराच्या कमरेचा पंप घरघरला. तिने फोन बघितला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"घाबरू नकोस," हेमांगी म्हणाली. "माडीवर दोनदा साखरेचा चहा घेतलायस. तेवढं देणारच तो."

इराने तिच्याकडे पाहिलं. मग उजवा हात पुसला, खिशातून मीटर काढलं आणि बोट टोचलं. थेंब पट्टीवर लावला. हेमांगीने भाताची वाटी खाली ठेवली आणि तीही थांबली. सांगितलेलं खरं मानायला लेकीला आता रक्ताचा थेंब लागतो, याचं तिला वाईट वाटलं. तो थेंब तिने प्रत्येक वेळी काढावा, असंही वाटलं.

आकडा आला. सेन्सरशी जुळला.

"बरोबर होतं तुझं," इरा म्हणाली.

"नसतं जुळलं तर?"

"तर भांडलो असतो की," इरा म्हणाली आणि भात कालवायला लागली.